तुमच्या पावतीवर बैल दिसत नाही

प्रति,
मा. सभापती, सचिव आणि संचालक मंडळ,
जनावरांचा बाजार भरवणाऱ्या महाराष्ट्रातील सर्व कृषी उत्पन्न बाजार समित्या



हे पत्र तुमच्या नावे आले याचे तुम्हाला कदाचित नवल वाटेल. जनावरांच्या धंद्यात काही बिनसले की लोक मंत्र्यांना निवेदन देतात, पशुसंवर्धन खात्याला दोष देतात, गोरक्षकांवर नाही तर व्यापाऱ्यांवर घसरतात. बाजार समितीकडे कोणी बोट दाखवत नाही. बैलबाजार हे आपले खरे काम आहे, असे तुम्हीही मानत नसावेत. कांद्याच्या, डाळिंबाच्या लिलावाला सभापती जातीने हजर असतात. बैलबाजाराच्या दिवशी मात्र फाटकावर पावतीपुस्तक घेतलेला एक कर्मचारी आणि आत घोटाभर धूळ. पण १९६३ च्या पणन कायद्याने शेतमालाबरोबर जनावरांची खरेदी-विक्रीही तुमच्याच देखरेखीखाली आणली आहे. फाटकातून विकून बाहेर पडणाऱ्या जनावरामागे तुम्ही फी घेता आणि पावती देता. माझी तक्रार त्या पावतीबद्दल आहे.

ती एकदा सावकाश वाचून पाहा. ‘बैल, नग एक, पांढरा.’ आटपाडी, माण, सांगोल्याच्या मुलखात पांढरा हे काय बैलाचे वर्णन झाले? इथे दहातले आठ पांढरेच. दातांवरून आदत आहे की दुसा, चौसा आहे की जुळलेला, हे पावतीवर नसते. औताचा, गाडीचा, शर्यतीचा की नुसताच खोंड, तेही नसते. कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहिला तर लिहिला. विकणाऱ्याचे नाव असते, पण सांगणारा तोच माणूस आहे का, हे कोणी विचारत नाही. किंमत तेवढी आठवणीने लिहिलेली असते, आणि नेमकी तीच खोटी असते.

किंमत खोटी का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. फी किमतीवर आकारली जाते. समजा बैल साठ हजारांना गेला आणि पावतीवर वीस हजार लिहिले. शंभराला रुपया धरला, तर घेणाऱ्याचे चारशे रुपये वाचले. कर्मचाऱ्यालाही वाद नको असतो. या चारशे रुपयांपायी पुढे कोणाकोणाचे किती हजार जातात, ते सांगायला हे पत्र लिहितो आहे.

रुमालाखालच्या सौद्याला माझा विरोध नाही. हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल टाकतात, बोटे दाबतात, एक मान हलवतो, दुसरा हात काढून घेतो, पुन्हा घालतो. खरसुंडीच्या यात्रेत काय, पुसेगावात काय, हे पाहण्यात एक गंमत आहे आणि शेजारच्या दावणीवाल्याला आपला भाव कळू नये यात व्यवहारही आहे. पण ज्याचा बैल आहे तो शेतकरी कासरा धरून बाजूला उभा असतो आणि दोन हेडी त्याच्या बैलाचा भाव रुमालाखाली ठरवतात, तेव्हा ती गंमत राहत नाही. सौदा रुमालाखाली होऊ द्या. तो तुटल्यावर आकडा मात्र उघड्यावर आला पाहिजे, तुमच्या वहीत आला पाहिजे. कांद्याचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर रोज छापून येतो. खेड्यातला माणूस लासलगावचा आकडा मोबाइलवर बघून गाडी भरायची की नाही ते ठरवतो. बैलाचे तसे काही नाही. कुठे भाव कळवलाच, तर ‘बैल’ असा एकच रकाना. त्यात शर्यतीचा खोंडही आला आणि दात झिजलेला म्हातारा बैलही आला. या दोघांच्या सरासरीतून शेतकऱ्याने काय समजायचे?

मग लोकांना कळतो तो फक्त वर्तमानपत्रातला भाव. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने त्यावर शिक्का मारला, आणि तेव्हापासून अमुक बैलाला इतके लाख, तमुक खोंडाला तितके लाख अशा बातम्या सुरू झाल्या. बातम्या खोट्या नसतील. शर्यतीमुळे खिलार जातीला किंमत आली, पैदाशीला हुरूप आला, चांगल्या वळूकडे दुरून गाई येऊ लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहतो आणि त्याचा मला आनंद आहे. पण असे बैल तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांचा भाव त्या बातम्यांनी बिघडवला. विकायला आलेला अडून बसतो, कारण त्याने लाखांचा आकडा वाचलेला असतो. घेणारा मागे फिरतो. संध्याकाळी टेम्पोचे भाडे अंगावर पडू नये म्हणून तोच बैल हेडी सांगेल त्या भावात जातो. दुपारी फाटकापाशी एक फळा लावून त्यावर औताची जोडी, गाडीची जोडी, आदत खोंड, कामातून गेलेला बैल असे आजचे चार भाव खडूने लिहिले असते, तर ही फरफट टळली असती. फळा आणि खडू याला अनुदान लागत नाही.

भाव न कळण्याचा सगळ्यात मोठा फटका ऊसतोड करणाऱ्या गाडीवानांना बसतो. त्यांच्या वतीने तुमच्याकडे आजवर कोणी आलेले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बीड, पाथर्डी, जत भागातला गाडीवान मुकादमाकडून उचल घेतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास त्यातून जोडी घेतो. तेव्हा सगळ्यांनाच जोडी हवी असते, भाव चढलेला असतो. कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा उन्हाळा तोंडावर असतो, घरी चारा नसतो, बैलांच्या खांद्यांना गाठी आलेल्या असतात, आणि सगळे गाडीवान एकदमच जोड्या बाजारात आणतात. घेताना चढा भाव, विकताना पडता. मधली तूट उचलीच्या खात्यावर चढते आणि पुढच्या हंगामाला माणूस आधीच बांधला जातो. चार-पाच वर्षांचे खरे भाव महिन्यावार तुमच्याकडे लिहिलेले असते, तर ही तूट किती, हे कोणालाही कागदावर दाखवता आले असते. त्यावर उन्हाळ्यापुरती चारा छावणी मागता आली असती, कारखान्यांशी बोलता आले असते. आज गाडीवान फक्त ‘लई तोटा झाला’ एवढेच सांगू शकतो, आणि तोंडी तोट्याची दखल कोणी घेत नाही.

म्हाताऱ्या बैलाचेही तेच. ४ मार्च २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आली. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध भरपूर बोलून झाले आहे, मी त्यात पडत नाही. मला दिसते ते एवढेच, की आधी शेतकरी जुनी जोडी विकून त्यात भर घालून नवी घेत असे. आता जुन्या जोडीचे काही येत नाही, सगळी रक्कम नव्याने उभी करावी लागते. पुष्कळांनी ती केलीच नाही, ट्रॅक्टर भाड्याने घेतला. २०१२ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १ कोटी ५५ लाख गाय-बैल होते, २०१९ च्या गणनेत ते १ कोटी ४० लाखांच्या आत आले. देशभरात याच काळात नर गोवंश सुमारे ३० टक्क्यांनी घटला. यात कायद्याचा वाटा किती, ट्रॅक्टरचा किती, दुष्काळाचा किती, हे सांगायला म्हाताऱ्या बैलाचा २०१५ च्या आधीचा आणि नंतरचा भाव हाताशी लागतो. तो तुमच्या बाजारात प्रत्येक आठवड्याला जन्मत होता आणि रुमालाखालीच मरत होता.

लंपी रोगाच्या साथीत या खोट्या भावाची किंमत मोजावी लागली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात रोग दिसला, पाठोपाठ बाजार बंद झाले, ते योग्यच झाले. मेलेल्या जनावराला सरकारने मदत दिली : गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. नंतर आपत्तीच्या मदतीचे निकष वाढून दुभत्या जनावराला ३७ हजार ५०० आणि ओढकाम करणाऱ्याला ३२ हजार झाले. कामाचा बैल या पैशात येतो का? तुम्ही म्हणाल, नाही येत. मी म्हणेन, तुमच्या पावत्या तर सांगतात येतो म्हणून, उलट काही रुपये उरतात! ज्या धंद्याच्या कागदावर साठ हजारांचा बैल वीस हजारांचा आहे, त्याने कोणाच्या दारात जाऊन मदत कमी पडली म्हणायचे? विम्याचेही हेच. किंमत ठरवताना डॉक्टर आणि विमेवाला विचारतात, घेतल्याची पावती आहे का. पावती दाखवावी तरी पंचाईत, न दाखवावी तरी पंचाईत.

आता चोरीबद्दल. वस्तीवरच्या गोठ्याला दार नसते, उन्हाळ्यात जनावरे उघड्यावर बांधलेली असतात, आणि हल्ली चोर पायी येत नाहीत, पिकअप घेऊन येतात. उजाडायच्या आत जनावर दोन तालुके ओलांडते. पोलिसांत फिर्याद जाते ती ‘एक खिलार खोंड, रंग पांढरा, शिंगे मागे वळलेली’ अशी. माझ्या शेजाऱ्याची जोडी अशीच गेली. काही दिवसांनी त्यातला एक बैल पलीकडच्या जिल्ह्यात एका शेतकऱ्याच्या दावणीला सापडला. तो शेतकरी काही चोर नव्हता, त्याने भर बाजारात पैसे मोजून घेतला होता, रीतसर पावती होती. पावतीवर विकणाऱ्याचे जे नाव होते, त्या नावाचा माणूस त्या गावात कधी राहिलाच नव्हता. बाजाराचे नाव मी लिहीत नाही, कारण हे कुठेही घडू शकले असते. चोरीच्या बैलाला खऱ्या मालकाचा कागद तुमच्या फाटकावर मिळाला, हे मात्र लिहिलेच पाहिजे.

यावरचा उपाय तुमच्या हातात आयताच आला आहे. जनावराच्या कानात बारा अंकी नंबराचा पिवळा बिल्ला मारायचा आणि त्याची नोंद ‘भारत पशुधन’ प्रणालीवर करायची, असे ठरले आहे. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करायची नाही, असा शासनाचा निर्णय आहे. निर्णय झाला, बिल्ले मारले गेले, आणि बाजारात काय बदलले? ठिकठिकाणी फाटकावर बिल्ला आहे की नाही एवढे पाहतात, नंबर कोणाच्या नावावर आहे ते पाहत नाहीत. जनावर विकले गेले तरी प्रणालीत ते जुन्याच मालकाच्या नावावर राहते. पुढे ते रस्त्यात अपघाताला कारण झाले किंवा कुठे सापडले, तर विचारणा कोणाकडे होणार? बिल्ला कापता येतो, मला माहीत आहे. पण कानाला ताजी जखम आणि बिल्ला नाही, असे जनावर बाजारात आले तर निदान प्रश्न तरी विचारता येतो. तुमच्याकडून मागणे अगदी साधे आहे. आत येताना नंबर मोबाइलवर टाकून मालकाचे नाव बघा, आणणारा वेगळा असेल तर त्याचे ओळखपत्र लिहून घ्या, विक्री झाली की पशुवैद्यकीय दवाखान्याच्या माणसाकडून तिथेच मालकी बदलून द्या. चोरीची फिर्याद झाली की तो नंबर पोलिसांनी जवळच्या सगळ्या बाजारांना कळवावा, अशी व्यवस्था तुम्ही मागून घ्या. फाटकावर कॅमेरा लावा आणि त्याचे चित्रण महिनाभर पुसू नका.

जनावर बाहेर पडले की पुढची भीती रस्त्याची. वाहतुकीचे नियम १९७८ पासून आहेत. ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गाय-बैल भरायचे नाहीत, सोबत पशुवैद्यकाचा दाखला हवा. ते पाळलेच पाहिजेत. कोंबून भरलेली गाडी अडवली तर मी अडवणाऱ्याच्या बाजूचा. पण औतासाठी एक जोडी घेऊन निघालेल्या शेतकऱ्याची गाडीही रात्री चार मोटरसायकली आडव्या लावून थांबवली जाते, त्याला खाली उतरवून दम दिला जातो, कधी पैशांवर मिटते, कधी हाणामारीवर येते. प्रकरण पोलिसांत गेले, तर जनावरे गोशाळेत आणि शेतकरी कोर्टाच्या तारखांना. जप्त जनावरांबाबतच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे खटला चालू असताना त्या जनावरांच्या देखभालीचा खर्चही मालकावर येऊ शकतो. पेरणी कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी त्याच्या खिशात काय असते? ‘बैल, नग दोन, पांढरा.’ विकणारा कोण, घेणाऱ्याचा सातबारा कुठला, जनावर कशासाठी घेतले, कोणत्या गाडीतून कुठे चालले, हे सगळे तुमच्या शिक्क्यानिशी त्या कागदावर असते, तर निदान फौजदाराला निवाडा करायला पाच मिनिटे पुरली असती. अडवणारे कागद वाचून गाडी सोडतील, इतका मी भोळा नाही.

२०२५ च्या पावसाळ्यात याच जाचाला कंटाळून कुरेशी व्यापाऱ्यांनी राज्यभर जनावरांची खरेदी थांबवली होती. तेव्हा बाजार ओस पडले. भाकड म्हैस घेऊन आलेला शेतकरी ती परत घेऊन गेला, आणि म्हशीला तर २०१५ ची बंदी लागूच नाही! त्या दिवसांत राजकारणी बोलले, संघटना बोलल्या. बाजार ज्यांचा, त्या तुम्ही तोंडातून अवाक्षर काढले नाही. गिऱ्हाईक गेले म्हणजे तुमची फीही गेली, निदान त्यासाठी तरी बोलायचे होते.

एक मागणे जुन्या रीतीचे आहे. बैल घेताना आपल्याकडे बोली करून घेतात : मारका नाही, औतात बसत नाही, खांदा देतो, पायात दोष नाही. शब्द मोडला तर बैल परत. पूर्वी विकणारा दहा कोसांवरचा असे, सोयऱ्या-धायऱ्यांतून सापडत असे. आता पैसे मोजले की माणूस गर्दीत दिसेनासा होतो आणि मोबाइल बंद लागतो. शिंगे तासून, तेल चोपडून बैलाचे वय लपवणारे कमी नाहीत. पावतीवर बोलीसाठी दोन ओळी ठेवा, खाली दोघांच्या सह्या घ्या, आणि आठ दिवसांत तक्रार आली तर समितीने दोघांना बोलावून घ्यावे. भुसाराच्या वजनावरून तंटा झाला तर तुम्ही मिटवताच.

सोयींबद्दल फार लिहीत नाही, त्याबद्दल बोलून तोंड दुखले. पाण्याचे भरलेले हौद, चार झाडे, बायकांसाठी आडोसा, बाजाराच्या दिवशी एक डॉक्टर. गाडीत चढवा-उतरवायला दगडमातीचा एक उतरता ओटा तेवढा प्रत्येक बाजारात आधी बांधा. टेम्पोतून उडी मारताना बैलाचा पाय मोडतो, आणि पाय मोडलेल्या बैलाला भाव नसतो, उपचारही नसतो.

तुमची उत्तरे मला अंदाजाने ठाऊक आहेत. कर्मचारी कमी आहेत. शेतकरीच म्हणतो, किंमत कमी लिहा. आम्ही कडक झालो तर बाजार रस्त्यावर भरेल, फी बुडेल. यातले शेतकऱ्याबद्दलचे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच उपाय त्याच्या शहाणपणावर सोडू नका. फी किमतीवर न घेता नगावर घ्या. लहान जनावराला इतके, मोठ्याला इतके, असा एकच दर. मग वीस हजार लिहिले काय नि साठ हजार लिहिले काय, कोणाचा फायदा नाही आणि खोटे लिहायचे कारणही उरत नाही. नियम आड येत असतील तर तसा ठराव करून पणन संचालकांकडे पाठवा. एका समितीचा ठराव फायलीत पडून राहील, पन्नास समित्यांचा राहणार नाही.

दसरा झाला की ऊसतोडीच्या जोड्यांचा बाजार तापतो, आणि कार्तिकीला पंढरपुराजवळ वाखरीच्या माळावर जनावरे उतरतात. त्याआधी मासिक बैठकीत हा विषय घ्या. नवी पावतीपुस्तके छापायला टाकाल तेव्हा त्यात दात, काम, बिल्ल्याचा नंबर, विकणाऱ्याचे ओळखपत्र, गाडीचा नंबर, बोली आणि खरी किंमत एवढे रकाने घाला. जुनी पुस्तके संपायची वाट पाहू नका.



आपला,
आटपाडी तालुक्यातील एक खिलार पाळणारा शेतकरी